काळोख्या कुंपणांचा रस्ता

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी शाळेला चालत जायची वाट आठवत असेल. त्या वाटेवरची झाडेही आठवत असतील. कोणत्या झाडाच्या चिंचा गोड, कोणत्या झाडावर आग्या मोहोळ, कोणत्या वडाखाली दप्तर टेकून घटकाभर थांबायचे, हे सारे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालेले असते. पुढे मोटारी आल्या, फटफट्या आल्या, चालणे सुटले, आणि ती झाडे आहेत की गेली हे पाहायचेही सुटले.

अशाच झाडांच्या एका रस्त्याची हकिगत आज मी आपल्याला सांगणार आहे. रस्ता आपल्या देशातला नाही. तो मी पाहिला तेव्हा मला आमच्या गावाकडचा रस्ता आठवला, आणि आठवण झाली ती काही फारशी सुखाची नव्हती. ते का, हे ओघाने येईलच.

हा रस्ता उत्तर आयर्लंडमध्ये आहे. भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्र ओलांडला की आयर्लंड नावाचे बेट लागते. त्याचा मोठा भाग म्हणजे स्वतंत्र आयर्लंड देश. ईशान्येचा कोपरा तेवढा ब्रिटनच्या राज्यात आहे, त्याला उत्तर आयर्लंड म्हणतात. बेलफास्ट ही त्याची राजधानी. बुडालेली टायटॅनिक बोट बांधली गेली ते हेच शहर. तिथून वायव्येला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, अँट्रिम परगण्यात, आर्मॉय आणि स्ट्रॅनोकम या दोन खेड्यांच्या मध्ये आपला हा रस्ता आहे. कागदोपत्री त्याचे नाव ब्रेगा रोड. पण त्या नावाने त्याला फारसे कोणी ओळखत नाही. सारे जग त्याला 'डार्क हेजेस' म्हणते. मराठीत सांगायचे तर काळोखी कुंपणे.

माझा भाचा बेलफास्टला संगणकाच्या कामावर आहे. २०२४ सालच्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, त्याने मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, तिकडे बोलावले. आक्काने त्यापूर्वी पंढरपूरच्या पुढे पाऊल टाकलेले नव्हते. विमानात तिने गुडघ्यावर पिशवी धरून सारा प्रवास केला. पिशवीत मेतकूट होते.

एका रविवारी भाचा म्हणाला, "मामा, आज तुम्हाला सिनेमातला रस्ता दाखवतो."

मी म्हटले, "अरे, रस्ता पाहायला इतक्या लांब कशाला जायचे? रस्ते आपल्याकडे काय कमी आहेत?"

"हा बघितल्यावर बोला," तो म्हणाला. आणि निघण्यापूर्वी त्याने टीव्हीवर मला त्या रस्त्याचे दृश्य लावून दाखवले.

'गेम ऑफ थ्रोन्स' नावाची एक इंग्रजी मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली. जॉर्ज मार्टिन नावाच्या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. राजे, सरदार, गादीसाठी भाऊबंदकी, कपट, लढाया असा सारा मामला. आपल्याकडे महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला कथानक फार परके वाटू नये. तिचे पुष्कळसे चित्रण उत्तर आयर्लंडमध्ये झाले. मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात, तो २०१२ च्या एप्रिलमध्ये दाखवला गेला, एका सरदाराची लहान मुलगी बापाच्या वधानंतर केस कापून, मुलाचा वेष घेऊन राजधानीतून निसटते. काही माणसांबरोबर ती उत्तरेकडे निघते. ती मंडळी ज्या राजमार्गावरून जाताना दिसतात, तो राजमार्ग म्हणजे हा ब्रेगा रोड. दृश्य इतके लहान की मी चहाचा कप उचलून ओठाला लावीपर्यंत ते संपलेसुद्धा. "झालं?" मी विचारले. "झालं," भाचा म्हणाला, "पण एवढ्यासाठी लोक ऑस्ट्रेलियातून येतात."

आम्ही निघालो. वाटेत सारा मुलुख हिरवागार. दोन्ही बाजूंना कुरणे, त्यांत मेंढ्या, आणि शेताशेताच्या मध्ये झुडपांची जिवंत कुंपणे. ऊन पडे, लगेच पाऊस येई, लगेच पुन्हा ऊन. आक्का काचेतून बघत होती. "एवढं गवत, अन् कापणारं कुणी दिसंना," ती म्हणाली.

गाडी एका हॉटेलाच्या आवारात लावून आम्ही पायी निघालो. एक वळण घेतले, आणि समोर तो रस्ता आला.

श्रोतेहो, वर्णन करण्याचा मोह मोठा असतो, पण मी साधेच सांगतो. अरुंद डांबरी रस्ता, एका वेळी दोन मोटारी जेमतेम जातील एवढा. दोन्ही बाजूंना, बांधाच्या उंचवट्यावर, मोठमोठी जुनी झाडे. बीच जातीची. आपल्याकडे हे झाड होत नाही, त्यामुळे त्याला आपल्या भाषेत नावही नाही. साल करडी आणि गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखी. पाने लहान, कोवळी असताना पोपटी, आणि थंडीच्या तोंडाला तांब्याच्या रंगाची होऊन गळणारी. ही झाडे जवळजवळ लावलेली असल्यामुळे उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करीत वाढली. डावीकडच्या फांद्या उजवीकडे झुकल्या, उजवीकडच्या डावीकडे. वर जाऊन त्या एकमेकींत अशा गुंतल्या की कोणती फांदी कोणत्या झाडाची हे सांगता येऊ नये. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत पाहिल्यावर जसा अंधार आणि पलीकडच्या चौकातला उजेड एकदम दिसतो, तसे ते दिसते. फरक एवढाच की हा दरवाजा संपतच नाही. त्यातून आपण चालतच राहतो.

मेच्या पालवीतून गाळून येणारा उजेड हिरवट होता. पाऊस पडून गेलेला. डांबर ओले. थेंब अजून पानांवरून टपटपत होते.

आणि माणसे! रविवार असल्याने जत्राच होती. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या वर्णांची. प्रत्येक जण रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोटो काढण्याच्या खटपटीत, आणि प्रत्येकाची तक्रार हीच की बाकीची माणसे फोटोत येताहेत. भाच्याने आमचाही फोटो काढला. आक्का बराच वेळ इकडेतिकडे बघत होती. मी विचारले, "काय शोधतेस?" ती म्हणाली, "एवढी सावली, एवढी मानसं, अन् बसायला पार न्हाई?"

खरोखरच नव्हता. लोक येत होते, बघत होते, फोटो काढून जात होते. झाडाखाली कोणी बसत नव्हते.

आता या झाडांचे मूळ पाहू. सुमारे १७७५ साली जेम्स स्टुअर्ट नावाच्या एका जमीनदाराने तिथे एक मोठे घर बांधले. बायकोचे नाव ग्रेस लिंड, म्हणून घराला नाव दिले ग्रेसहिल हाऊस. घराकडे येणाऱ्या पाहुण्याच्या मनावर थोडा रुबाब पडावा, म्हणून त्याने येण्याच्या वाटेवर दुतर्फा बीचची झाडे लावली. साधारण दीडशे. इतिहासाच्या शिक्षकांनी हे साल ध्यानात घ्यावे. इकडे त्या वेळी पुण्यात बारभाईंचे कारस्थान तडीला गेले होते, सवाई माधवराव पाळण्यात होते, आणि राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला तो याच १७७५ सालच्या मार्चमध्ये. त्या सुमाराला लावलेली रोपे ती. पेशवाई गेली, कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य गेले, आणि त्यांतली बरीच रोपे अजून उभी आहेत.

ज्याने ती लावली त्याला ही कमान बघायला मिळाली का? बीच सावकाश वाढणारे झाड. स्टुअर्टने पाहिली असतील ती वाढती, तरणी झाडे. रुबाब पाडायचा तो पुढच्या पिढ्यांतल्या पाहुण्यांवर पडला. आपल्याकडेही वड लावणारा माणूस त्याच्या सावलीचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडीत नाही. रस्त्याच्या कडेला वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली व्हावी म्हणून, हे सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. त्यातही सावली कोणाला, हे आधी आहे.

एवढ्या जुन्या झाडांच्या रस्त्याला भूत नसेल तर तो रस्ता कसला? इथेही आहे. करड्या वेषातली एक बाई तिन्हीसांजेला झाडांमधून सरकत जाते आणि शेवटच्या झाडाशी पोचली की नाहीशी होते, असे तिथले लोक सांगतात. आक्काला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे बाई झाडं सोडून जात न्हाई." मला वाटते, त्या दंतकथेचा इतका चांगला अर्थ कोणी लावला नसेल.

मालिका येण्यापूर्वीही हा रस्ता चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना ठाऊक होता. पण २०१२ नंतर मात्र ओघ सुरू झाला. मोटारी आल्या, मग मोठ्या बसगाड्या आल्या. आणि इथे गोष्ट कठीण होते.

शेतकरी श्रोत्यांना हे लगेच कळेल. बांधाकडेने ट्रॅक्टर रोज एकाच चाकोरीतून गेला, तर तिथली माती कशी होते? दगडासारखी. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, तिथे पीक धरत नाही. बीचच्या मुळांची रीत अशी की ती खोल जात नाहीत, वरच्या थरातच लांबवर पसरतात. जड गाड्या कडेला चढल्या, हजारो पावले त्या मातीवर नाचली, की मुळांचा श्वास कोंडतो. मूळ कुजले की बुंधा पोकळ होतो, अळंबी धरते. त्यात सालीवर चाकूने आपली नावे कोरणारे महाभागही असतात. ही जात केवळ आपल्याकडेच आहे असा माझा समज होता, तो तिथे दूर झाला. गुळगुळीत सालीवर अक्षर छान उमटते, आणि त्याच जखमेतून रोग आत शिरतो.

मग २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस सरकारने तिथे मोटारींना बंदी केली. म्हणून तर आम्हाला गाडी लांब ठेवून चालत जावे लागले. बंदी झाल्यावरही गाड्या घालणारे लोक निघालेच. त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या मंडळींनी चुकून या रस्त्यावरही पट्टा ओढला. लोकांनी ओरड केल्यावर तो काढून टाकावा लागला. हुकूम एकीकडचा आणि रंगाचा डबा भलतीकडे, हेही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नव्हे, एवढा दिलासा मिळाला.

वाऱ्याने तर झाडे पडतच होती. तिकडे वादळांना माणसांसारखी नावे देतात. २०१६ च्या जानेवारीत गर्ट्रूड नावाच्या वादळात दोन झाडे उन्मळली. त्यांचे लाकूड वाया जाऊ दिले नाही. कारागिरांकडून त्याचे दहा दरवाजे कोरून घेतले, त्यांवर त्या मालिकेतले प्रसंग, आणि ते दहा दरवाजे उत्तर आयर्लंडमधल्या दहा निरनिराळ्या दारूच्या गुत्त्यांना लावले. आता लोक ते दरवाजेही बघत हिंडतात. पुढे २०१८ च्या जूनमध्ये हेक्टर नावाच्या वादळात आणखी एक झाड गेले.

मग तज्ज्ञांनी उरलेल्या ८६ झाडांची तपासणी केली. त्यांतली अकरा झाडे धोक्याची आढळली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी खात्याने सहा झाडे तोडली. बाकीच्यांपैकी काहींच्या फांद्या छाटून भागवायचे ठरले. त्यावर तिथे पुष्कळ हळहळ झाली. कोणी म्हणाले, झाडे राखा. कोणी म्हणाले, उद्या फांदी डोक्यात पडून कोणी दगावला तर जबाबदार कोण? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि दोन्ही खरे असले की निर्णय कठीण होतो. दोन महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, ईशा नावाचे वादळ आले आणि आणखी तीन झाडे पाडून गेले. म्हणजे आम्ही पोचलो त्याच्या अलीकडच्या सहा महिन्यांत नऊ झाडे गेली होती.

त्या जागा दिसत होत्या. वर कमानीत एकदम भगदाड, आणि खाली रस्त्यावर उन्हाचा तुकडा. पडक्या दातांसारख्या त्या फटी. एका तोडलेल्या झाडाच्या खुंटापाशी आक्का उभी राहिली. तिने वाकून त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मला विचारले, "ह्याच्या मागं कुणी न्हाई का?"

मला आधी कळले नाही. मग कळले. घरातला कर्ता म्हातारा गेला म्हणजे आपल्याकडे पहिली चौकशी ही असते. मागे कोण आहे? पोरेबाळे आहेत का? म्हातारा जायचाच, त्याचे दुःख आहे, पण मागे माणूस असले म्हणजे घर उभे राहते. आक्का त्या झाडाच्या मागे कोण आहे हे विचारीत होती.

मी शिक्षक असल्यामुळे मला ते वर्गाच्या भाषेत उमगले. ही सारी झाडे एकाच सालच्या तुकडीतली. एकाच वेळी पटावर आली, बरोबरीने वाढली, आणि आता बरोबरीने निघाली आहेत. बीचचे आयुष्य साधारण दीडशे-दोनशे वर्षांचे धरतात. ही अडीचशेच्या घरात आली. गाड्यांनी, गर्दीने, चाकूंनी त्यांचे दिवस कमी केले हे खरे. पण एकही मोटार आली नसती, ती मालिका कोणी काढलीच नसती, तरी ही झाडे म्हातारी झालीच असती. शंभर वर्षांपूर्वी, कमान ऐन भरात असताना, कोणी प्रत्येक दोन झाडांआड एकेक नवे रोप लावले असते, तर आज त्या शंभर वर्षांच्या तरण्या झाडांनी हात वर करून ती भगदाडे झाकली असती. आज लावलेल्या रोपाला त्या कमानीपर्यंत पोचायला आपले आणि आपल्या मुलांचे आयुष्य लागेल. म्हातारे झाड गेल्यावर नव्याची आठवण होणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. सावली घनदाट असते तेव्हा नव्या रोपाची गरज कोणालाच दिसत नाही, आणि लावायची वेळ तर तीच असते.

मी तिथे कोणाला दोष द्यायला गेलो नव्हतो, आणि तो अधिकारही मला नाही. तो का नाही, हे आता सांगतो.

आमच्या गावाकडून हायस्कूलच्या गावाला जाणारा रस्ता पाच किलोमीटरचा. मी शाळेत होतो तेव्हा त्यावर वडाची एक्केचाळीस झाडे होती. मी ती रोज मोजीत असे. एकविसावे झाड आले की निम्मी वाट झाली, असा हिशेब. रस्ता अरुंद, पावसाळ्यात कडेने चिखल. समोरून उसाची गाडी आली की एस.टी. मागे घ्यावी लागे. पुढे मी प्राध्यापक झालो. एके वर्षी गावातली एक बाळंतीण अडली, आणि तिला नेणारी गाडी याच रस्त्यावर उसाच्या गाड्यांत तासभर अडकून पडली. बाई वाचली, मूल गेले. गावकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. रस्ता रुंद करायचा अर्ज तुम्ही लिहा." मी लिहिला. चांगला लिहिला. दोन पाने. आकडे घातले, अपघात मांडले, रुग्णांचे हाल मांडले. खाली दोनशेवर सह्या आणि अंगठे झाले.

अर्जाला यश आले. काही वर्षांनी रस्ता मंजूर झाला. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे पडले. मी लहानपणी जी झाडे मोजली होती, ती आता दुसऱ्या कोणी मोजली होती. चोवीस तोडली गेली. सतरा राहिली.

रस्ता चांगला झाला, हे मी आजही म्हणतो. त्यावरून किती बाळंतिणी वेळेवर पोचल्या असतील! तो अर्ज पुन्हा लिहायची वेळ आली तर मी पुन्हा लिहीन. पण त्या दोन पानांत मी एक ओळ लिहायची विसरलो होतो. 'रुंदीकरणापूर्वी नव्या कडेला, हद्दीच्या बाहेर, वड लावावेत, आणि ते धरल्यावर मगच जुन्यांना हात लावावा', एवढी एकच ओळ. ती लिहिली असती तर सरकारने ऐकलेच असते असे नाही. पण गावाने तरी ती वाचली असती. अर्ज मंजूर होऊन काम सुरू व्हायला जी वर्षे गेली, त्यांत आमच्या आम्ही वड लावले असते. ती वर्षे फुकट गेली, आणि ती फुकट घालवणारात पहिला मी. त्या आयर्लंडच्या रस्त्यावर, खुंटाला हात लावून बहिणीने जे विचारले, ते मला लागले ते यामुळे. तिला काही आठवत नव्हते. मला आठवत होते.

आपल्या वडाची देणगी अशी की त्याला मागच्या पिढीची सोय निसर्गानेच करून दिली आहे. पारंबी खाली येते, मातीत रुजते, जाड होते, आणि मूळ बुंधा कुजला तरी झाड पारंब्यांवर उभे राहते. बीचला पारंबी नाही. पण रस्त्याच्या वडाचे आपण काय करतो? पारंबी बसला लागते म्हणून छाटतो. खाली येऊ दिली तरी तिला रुजायला डांबर. म्हणजे वडाचाही आपण बीच करून टाकला आहे. तेव्हा पारंबीचे जे काम झाडाला करू दिले जात नाही, ते माणसांना केले पाहिजे.

काम अवघड नाही. यासाठी शाळा ही उत्तम जागा आहे. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, गावच्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांची मुलांकडून एकदा मोजणी करून घ्यावी. एक वही घालावी. झाडाची जात, बुंध्याचा घेर, पोकळ आहे का, जवळ नवे रोप लावायला जागा आहे का, एवढ्या चार रकान्यांची. दर वर्षी तीच वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. गणित होते, विज्ञान होते, आणि मुलाला आपल्या गावचा रस्ता कळतो.

लावताना सगळे एकाच वर्षी लावू नये. दर वर्षी पाच-सहाच लावावीत, म्हणजे सारी झाडे एका तुकडीची होत नाहीत. वडासाठी रोपवाटिकेकडे धावायचीही गरज नाही. मनगटाएवढ्या जाडीची, माणसाच्या उंचीची फांदी मृगाच्या पावसात खड्ड्यात रोवली तर ती धरते, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. उंच असल्यामुळे शेळीचे तोंड शेंड्याला पोचत नाही. भोवती काटेरी फांद्यांचा आळा करावा, आणि दोन उन्हाळे पाणी घालावे. पावसाळ्यातला समारंभ सोपा असतो. आपल्याकडे खड्डा तोच आणि रोप दर वर्षी नवे, असे पुष्कळ ठिकाणी होते. झाड जगते ते चैत्र-वैशाखात घातलेल्या पाण्यावर, आणि तेव्हा हार घालायला कोणी येत नाही. तेव्हा कोणत्या मुलाने कोणत्या झाडाला पाणी घालायचे, हे जूनमध्येच वहीत लिहून ठेवावे.

आणि जागा निवडताना आजची रस्त्याची कड पाहू नये. उद्या रस्ता रुंद होणार हे धरूनच चालावे आणि हद्दीबाहेर, बांधावर, शेतकऱ्याच्या संमतीने लावावे. रस्त्याला वाढू द्यावे आणि झाडालाही वाढू द्यावे. दोघांचे भांडण लावून देऊ नये.

आम्ही परत आल्यावर त्याच पावसाळ्यात मी गावी गेलो. उरलेल्या सतरा वडांपैकी एकाच्या फांद्या घेतल्या, आणि हायस्कूलची मुले व दोन शेतकरी यांच्या मदतीने नव्या रस्त्याच्या हद्दीपलीकडे नऊ फांद्या रोवल्या. त्यांतल्या सहा धरल्या. एक म्हशीने मोडली, दोन वाळल्या. या सहा झाडांची सावली रस्त्यावर पडेल तेव्हा मी नसेन. आक्काने विचारले, "किती लागले?" मी म्हटले, "सहा." ती म्हणाली, "अजून अठरा ऱ्हायले." मी दचकलो. चोवीस तोडली हे मी तिला कधी सांगितले नव्हते. तीही त्याच रस्त्याने शाळेला गेली होती, सातवीपर्यंत. झाडे तिनेही मोजली असावीत.

अठरा उरली आहेत. दर पावसाळ्याला सहा म्हटली तर तीन वर्षांचे काम आहे.